धूर दिसला, पण अर्धाच : एचआयव्हीच्या कात्रीचा शोध

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमान प्रमाणापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आज हेच प्रमाण प्रयोगशाळेत कसं चालतं ते पाहू.

एचआयव्ही हा विषाणू आपल्या पेशीकडून स्वतःची प्रथिनं करवून घेतो. ती सुटी मिळत नाहीत, लांबलचक साखळीत जोडलेली येतात. मोडीतला जुना कागद आठवा. शब्द एकमेकांना चिकटलेले, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याला कळायला हवं. इथे तोडण्याचं काम प्रोटिएज नावाचं विकर करतं, आणि गंमत अशी की तेही त्याच साखळीचा एक तुकडा असतं. साखळी ठरावीक जागी तुटली, तरच विषाणू परिपक्व होतो. नाही तुटली, तर कण तयार होतो खरा, पण त्याची लागण होत नाही.

१९८५ मध्ये या विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला गेला. त्यात तीन अमिनो आम्लांची एक खूण दिसली. आपल्या जठरातल्या पेप्सिनमध्येही हीच खूण असते. हा झाला धूर. पण पेप्सिनमध्ये ती दोनदा येते, इथे एकदाच. शिवाय साखळी फक्त ९९ अमिनो आम्लांची. मग अर्ध्या कात्रीने कापायचं कसं?

१९८७ मध्ये पर्ल आणि टेलर यांनी अनुमान मांडलं : दोन सारख्या साखळ्या जवळ येतात, प्रत्येकीचं एक पातं, आणि मिळून कात्री होते. तेव्हा ती कोणी पाहिलेली नव्हती. १९८८ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी त्या खुणेतलं पंचविसाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं. साखळी तुटेना, कण निरुपद्रवी झाले. १९८९ मध्ये स्फटिकांवरून रचना उलगडली. दोन पाती, मधोमध फट. अनुमानाला प्रत्यक्षाची साक्ष मिळाली.

मग त्या फटीत अडकून बसेल असा रेणू घडवायचा होता. सॅक्विनाविर डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पाठोपाठ १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर. एकट्या औषधाला विषाणू रूप बदलून चकवतो, म्हणून ती इतर औषधांच्या जोडीने दिली गेली. १९९७ मध्ये अमेरिकेतले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ निम्म्याने घटले.

अनुमान ते औषध, आठ वर्षं. तर्काच्या हिशेबात हा काळ थोडाच. पण त्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो फार होता. प्रमाणशास्त्र शिकताना आपण हेही ध्यानात ठेवू.