शिवपुरीचा सख्यासागर : आई-लेकाचे तलाव

मंडळाच्या सहलीसाठी शिवपुरीचे नाव निघाले की तरुण मंडळी ‘वाघ दिसेल का?’ असे विचारतात आणि ज्येष्ठ मंडळी छोट्या गाडीच्या आठवणीत रमतात. तळ्याचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हा ग्वाल्हेरकर मराठी माणसांच्या दृष्टीने खरी गोष्ट तर तिथेच आहे.

शिवपुरीचे जुने नाव सिप्री. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला कंटाळलेला शिंदे दरबार इथे मुक्कामाला येई. कै. माधवराव महाराज १८८६ साली, वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर आले. आगगाडीचे त्यांना विलक्षण वेड. १८९९ साली अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवर ग्वाल्हेरहून शिवपुरीची गाडी सुरू झाली. ती गाडी आता नाही, रूळही नाहीत. आपण मोहना, सतनवाडा करत आग्रा-मुंबई रस्त्याने जातो.

तळी त्यानंतरची. मनियर नदीचे पाणी अडवून १९१८ साली सख्यासागर आणि माधवसागर असे दोन तलाव झाले. सख्याराजे या माधवरावांच्या मातोश्री. म्हणजे मोठ्या तलावाला आईचे नाव आणि शेजारच्याला मुलाचे. शहरातल्या छत्र्यांतही हेच दिसते. आईच्या छत्रीसमोर लेकाची छत्री, मध्ये बाग. माधवराव १९२५ साली पॅरिसला वारले, पण त्यांचे स्मारक आईच्या समोरच झाले. आज स्थानिक लोक सख्यासागराला ‘चांदपाठा’ म्हणतात. नावही गोड आहे, तक्रार नाही. पण आपल्याच घरातली मुले ‘सख्या म्हणजे कोण?’ असे विचारतात, तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडे कोणी हवे.

काठावर सेलिंग क्लबची टुमदार इमारत आहे. वर, उद्यानातल्या सर्वांत उंच जागी जॉर्ज कॅसल. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आले, त्यांच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी तो बांधला. वाटेतच वाघ मिळाल्याने ते इथवर आलेच नाहीत, असे सांगतात. खरे-खोटे असो, संध्याकाळी तिथून तळे पाहावे. इतका खर्च एका रात्रीसाठी, हा विचार मनात येतोच.

हे सारे रान दरबाराचे शिकारगाह होते. सामान्य माणसाला तिथे मज्जाव, आणि आज आपण ज्याला ‘निसर्ग’ म्हणतो ते त्या मज्जावामुळेच तोडीतून वाचले. गौरव करताना हेही सांगावे. १९५६ साली त्याचे शिवपुरी राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे नाव पडले माधव राष्ट्रीय उद्यान. शिकारीने आणि काळाने वाघ संपले होते. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये हे रान व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले. तळ्यातल्या मगरींना मात्र कधी आणावे लागले नाही. थंडीत त्या काठावर ऊन खात लाकडाच्या ओंडक्यांसारख्या पडलेल्या असतात. लहान मुलांना पाण्याजवळ सोडू नये.

२०२२ साली सख्यासागराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मान मोठा आहे, पण शहराच्या नाल्यांचे सांडपाणी तळ्याकडेच येते आणि त्यावर जलकुंभी माजते. आमच्यातले काही जण सरकारी नोकरीत बांधकामाची कामे पाहत आले. त्यांचे म्हणणे असे की दरवर्षी जलकुंभी उपसून काही होणार नाही. आधी नाले अडवून पाणी शुद्ध केले पाहिजे. आम्हालाही तेच पटते. शंभर वर्षांपूर्वी बांधलेला तलाव आपल्या हयातीत गाळाने आणि घाणीने भरला, तर नावाचा अभिमान कशावर मिरवायचा?

जाताना एक थांबा चुकवू नये. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना याच गावात फाशी दिली. बंडाच्या काळात शिंदे दरबार इंग्रजांच्या बाजूला होता, हे आपल्याला ठाऊक आहेच. स्मारक आणि छत्र्या एकाच गावात आहेत. सकाळी आधी तात्यांना नमस्कार करावा, मग छत्र्या पाहाव्यात आणि दुपारचे डबे घेऊन तळ्याकडे वळावे.