गाडीची पत

बँकेतल्या कारकुनाने मोटार घ्यावी की नाही, याबद्दल शास्त्रात काही लिहून ठेवलेले नाही. बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्यांची कर्जे लिहीत आलो. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा चढवायचा आणि हप्ते फिटले की उतरवायचा, एवढाच माझा मोटारीशी संबंध. पण गेल्या वर्षी घरच्या मंडळींनी एकमताने ठराव केला आणि मी आपल्याच बँकेत, आपलाच अर्ज, आपल्याच अक्षरात भरून टाकला.

मग बैठक बसली. सौभाग्यवतींनी रंगाचा विषय मांडला. चिरंजीवांनी टपाला उघडणारी खिडकी हवी म्हणून हट्ट धरला. मेव्हणे मुद्दाम कोल्हापूरहून आले होते, त्यांनी "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा राष्ट्रीय प्रश्न विचारला. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटलं, "रात्री दोन वाजता चालू होईल का, ते विचारा."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये हेच विचारले, तर तिथला टाय लावलेला मुलगाही हसला. "काका, आता सगळ्याच गाड्या चालू होतात!"

त्या मुलाची काही चूक नव्हती. किल्ली फिरवली की इंजिन बोलते, अशा युगातच त्याचा जन्म. पण त्याचे हे एक वाक्य खरे व्हायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली, हे त्याला कोणी सांगितलेले दिसले नाही. शोरूममध्ये सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथे सांगतो.

या इतिहासाची सुरुवात एका बाईपासून होते. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेन्झ नावाच्या गृहस्थांनी १८८६ साली तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. गाडी तयार झाली, पण घ्यायला कोणी पुढे येईना. घोडा दाणा खातो, लीद टाकतो, पण रात्री-अपरात्री मालकाला घरी आणून सोडतो. या यंत्राचा भरवसा काय? तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्टा, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन याच गाडीतून माहेरी निघाली. माहेर फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. एक तार उघडी पडली. तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले, ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराला गाठून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. चढ आला की पोरांनी उतरून ढकलली. आणि अंधार पडता पडता माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

माहेरी जायचे ठरवलेल्या बाईला यंत्र अडवू शकत नाही, हा या प्रकरणातला पहिला धडा. दुसरा धडा असा, की मोटारीचा भरवसा ही पहिल्या दिवसापासून बेरीज होती: थोडी गाडी, थोडी माणसे, आणि एक टोपीची पीन.

पुढे गाड्या विकणाऱ्यांच्या ध्यानात आले, की गिऱ्हाईक बोलते वेगाबद्दल, पण पैसे मोजते भरवशाचे. १९०७ साली रोल्स-रॉइसने आपली 'सिल्व्हर घोस्ट' गाडी लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान येरझाऱ्या घालायला लावली. बरोबर मोटार क्लबचे पंच. चौदा हजारांहून अधिक मैल झाल्यावर तिचा स्क्रू न् स्क्रू खोलून पाहिला. काय काय बदलले म्हणजे ती पुन्हा नव्यासारखी होईल, याचा हिशेब केला. तो निघाला २ पौंडांच्या आसपास! ऑडिट म्हणतात ते याला. आमच्याकडे चौदा दिवस वापरलेल्या स्टेपलरची याहून वाईट अवस्था असते.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, अमेरिकेच्या कॅडिलॅकने याच्याही पुढची कडी केली. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स येथे तीन गाड्या पार सुट्या केल्या. सगळ्या भागांचा एकच ढीग करून ते मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. प्रत्येक गाडी पाचशे मैल धावली. आज यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी एका गाडीचा भाग दुसरीला बसवायचा तर कानशीने घासून घासून बसवावा लागे. सुटा भाग दुकानातून आणून तस्साच बसतो, ही गोष्ट त्या ढिगाने सिद्ध केली. त्याच वर्षी फोर्डची 'मॉडेल टी' आली आणि १९२७ पर्यंत तिचे दीड कोट नग खपले. ती बिघडत नसे असे नाही. पण बिघडली तर शेतकरी गोठ्याशेजारी उभी करून पाना आणि तार घेऊन तिला चालू करी.

म्हणजे भरवशाच्या दोन जाती झाल्या. एक, न बिघडणारी गाडी. दुसरी, बिघडली तरी कोणालाही दुरुस्त करता येणारी गाडी. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एक खातेदार हप्ता चुकवतच नाही. दुसरा चुकवतो, पण त्याचे दुकान, त्याचे घर आणि त्याचा सासरा आपल्याला ठाऊक असतो. पत दोघांनाही आहे. फक्त दुसऱ्याकडे चकरा माराव्या लागतात.

आपल्या देशाच्या नशिबी बरीच वर्षे ही दुसरी जात आली. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ ची; ती गुजरातेतल्या ओखा बंदराहून बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. १९४४ साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना घातला. १९५३ साली सरकारने ठरवले, की जे इथे खरोखर गाडी बनवतील त्यांनीच राहावे. नुसते परदेशी भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. राहता राहिली मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातली अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट (तिचे १९७४ साली 'पद्मिनी' असे बारसे झाले) आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडीची निवड म्हणजे रेशनच्या दुकानातल्या तांदळाची निवड. बरा की वाईट हे विचारायचे नाही. आलाय का, एवढेच विचारायचे. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे. मुंजीच्या वेळी नोंदवलेली गाडी लग्नाला मिळाली, तर वेळेवर मिळाली असे समजत.

पण या गाड्यांना एक मोठी पत होती. त्यांचा स्वभाव सगळ्या गावाला पाठ होता. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापले आणि पेट्रोल वाटेतच वाफ होऊन अडले, की पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवायचे, हे ज्याच्याकडे सायकलही नाही असा माणूस पुढे होऊन सांगत असे. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारायचे. तालुक्याच्या गावी एखादा तरी मिस्त्री असा असे, की तो बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून "पॉइंट गेलाय" असे निदान करी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीला साथ दिली ती यामुळेच. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

तिकडे जपानात मात्र भरवशाची पहिली जात तयार होत होती, आणि तीही मोटारीच्या नव्हे, कापडाच्या कारखान्यात. साकिची टोयोडा या गृहस्थांनी असा माग बनवला, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. इचलकरंजीच्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. माग थांबला नाही तर खराब कापड वाराच्या वार निघते आणि मग ते सुधारता येत नाही. चूक झाली त्याच क्षणी काम थांबवायचे, हे तत्त्व टोयोडांच्या मुलाने मोटारीच्या धंद्यात नेले, तीच टोयोटा. आणि सुझुकी? तीही १९०९ साली हामामात्सू गावी मागांचा कारखाना म्हणूनच सुरू झाली. १९५० साली डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानी कारखानदारांना व्याख्याने दिली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की माल तयार झाल्यावर खराब नग वेचत बसू नका. खराब नग निघणारच नाही अशी कामाची पद्धत बसवा. संख्याशास्त्रात मी बी. कॉम.ला कसाबसा काठावर पास झालो. त्या विषयातून चालू होणारी गाडी निघते हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आणखी चार मार्क नक्की मिळवले असते.

ऑक्टोबर १९८२ मध्ये या सुझुकीशी भारत सरकारच्या मारुती उद्योगाचा करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या एका गृहस्थांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. गुडगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, कँटीन एक. (आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांची कपबशी वेगळी असते. आमचे काम कधी कधी का अडते, याचा कोणीतरी अभ्यास करावा.) लोक प्रथम या गाडीला हसले. पत्रा पातळ, चाके खेळण्यातली, सिलिंडर तीनच! पण ती सकाळी चालू होई. रोज सकाळी. एवढ्या एका गुणावर तिने देशाची सवय बदलली.

पण ती आमच्या गल्लीत यायला वेळ लागला, आणि इथे मला भाऊकाकांची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८८ साल. मी आठ वर्षांचा. आम्ही साताऱ्याला एकत्र राहत होतो. झेडपीत हेडक्लार्क असलेल्या भाऊकाकांनी तिसऱ्या हाताची एक मोटार घेतली होती. तिची कंपनी सांगत नाही. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. काका तिच्या खर्चाची वही ठेवत. पावसाळ्यात एका रात्री आजीच्या छातीत दुखू लागले. रात्रीचे दोन वाजले होते. रिक्षा नाही, टांगा नाही. आजीला मागच्या सीटवर झोपवले. काकांनी किल्ली फिरवली. गाडीने एकदा कण्हल्यासारखे केले आणि ती गप्प झाली. हँडल मारून पाहिले. काकांच्या हाताला फोड आले, पण ठिणगी पडेना. मग वडिलांनी गल्लीत हाका मारल्या. शिंपी उठला, शेजारचे मास्तर उठले, ज्यांच्याशी आमचा नळावरून अबोला होता ते पाटीलही धोतर सावरत आले. भर पावसात दहा-बारा माणसांनी ती गाडी ढकलत दवाखान्यापर्यंत नेली. उतारावरसुद्धा ती चालू झाली नाही. मी छत्री धरून मागून पळत होतो.

आजी वाचली. "आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं," असे डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आजी काकांना म्हणाली, "भाऊ, गाडी विकू नकोस हो. पण पुन्हा मला न्यायचं झालं, तर आधी माणसांना सांग. गाडीचं मग बघू." त्यानंतर ती अकरा वर्षे जगली आणि कुठेही जायचे तर एस्टीने गेली.

काका गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. मी कॉमर्सचा माणूस, उत्सुकतेने चाळली. पेट्रोल, टायर, मिस्त्री, सगळे पैशापैशाने लिहिलेले. त्या महिन्याच्या पानावर एक ओळ आहे: 'नवी बॅटरी — पुढच्या पगाराला.' त्या ओळीवर काट मारून खाली लिहिले आहे: 'चूक झाली.' रक्कम नाही. पुढची पाच पाने कोरी.

गाडीच्या दोषापायी आणि मालकाच्या काटकसरीपायी ती रात्र आली. घसारा लिहायला आमच्याकडे रकाना असतो, विम्याला असतो, व्याजाला तर असतोच असतो. पण दोन वाजता किल्ली फिरवतानाची जी धाकधूक, ती कोणत्या खात्यावर नावे टाकायची, हे मला बी. कॉम.ने शिकवले नाही आणि बँकेनेही नाही. गाडी स्वस्त पडली की महाग, हे त्या न लिहिलेल्या रकमेवर ठरते.

तर सांगायचा मुद्दा असा, की मी शोरूममधून सरळ एस्टी स्टँडवर गेलो. तिथे टुरिस्ट गाड्यांचे चालक उभे असतात. ज्याचे पोट गाडीवर असते तो रंगाबद्दल बोलत नाही. कोणती गाडी लाखभर किलोमीटरनंतर कुरकुर करते, कोणाचे भाग चार दिवसांत मिळतात आणि कोणाचे महिना लावतात, हे तिघांनी मला चहाच्या एका कपात सांगितले. त्यांनी सांगितलेलीच घेतली. बरीच वर्षे बाजारात असलेली, पांढरी, टपाला खिडकी नसलेली. सर्व्हिसिंग करणारे घरापासून दोन किलोमीटरवर. चिरंजीव अजून माझ्याशी जपून बोलतात.

गाडी रोज चालू होते. आजवर एकदाही कोणाला हाक मारावी लागलेली नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर कोण राहते, हे मला अजून माहीत नाही. परवा मात्र लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले, त्यांना मुद्दाम नाव विचारून घेतले. अंगापिंडाने मजबूत वाटले.

काकांच्या वहीत पाच पाने कोरी होती, त्यांतल्या पहिल्यावर मी बॅटरीची तारीख लिहून ठेवली आहे.