मोंगोच्या वाटेवर कोल्हापूर

1979 सालचा मे महिना. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. शाळेला सुट्टी, पायात स्लिपर, मुठीत घामेजलेली नाणी, आणि तुम्ही कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पुस्तकांच्या स्टॉलपुढं उभे आहात. मागं कंडक्टर सांगलीच्या नावानं गळा काढतोय. उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजतायत. डिझेलचा वास नाकात बसलाय. दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या मासिकांत तुमची नजर एकच गोष्ट हुडकतेय.

“मामा, इंद्रजाल आलं काय?”

“आलंय की. ह्ये घे.”

“ह्यात वेताळ न्हाई?”

“वेताळ कवाच संपला. ह्यो फ्लॅश गॉर्डन हाय. रॉकेट हाय बघ, राक्षस हाय.”

“नगं. वेताळ आला की माझ्यासाठी एक ठेवा.”

आणि तुम्ही चालायला लागता. थांबा. मागं फिरा आणि तो अंक घ्या. त्या वयात महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांनी तो असाच मागं सारला होता. वेताळाकडं कवटीची गुहा होती, घोडा होता, लांडगा होता, चारशे वर्षांचा वंश होता. जादूगार मँड्रेककडं नजरबंदी होती. या सोनेरी केसांच्या माणसाकडं काय होतं? एक परका ग्रह आणि दोन हात. पण ते दोन हातच मला तुम्हाला दाखवायचे आहेत.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीनं सुरू केलं. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी आवृत्ती सुरुवातीपासून निघत होती, ही गोष्ट आपण फारशी बोलून दाखवत नाही. पहिले अंक फक्त वेताळाचे होते. पुढं मँड्रेक आला, रिप कर्बी आला, फ्लॅश गॉर्डन आला. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज छापल्या जाणाऱ्या पट्ट्या कापून, जुळवून, त्यावर इथला रंग चढवून, फुग्यांत मराठी अक्षरं बसवून तो अंक तुमच्या हातात पडलाय. फुगा इंग्रजीच्या मापानं काढलेला, त्यामुळं मराठी वाक्याला त्यात अंग चोरून बसावं लागतं. रेघ फ्लॅशची पट्टी पुढं काढणाऱ्या डॅन बॅरीच्या काळातली आहे. स्वच्छ, सरावलेली, कामसू. तिच्या मागं मात्र दुसऱ्याच एका माणसाची रेघ आहे, आणि ती बघायला पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागेल.

7 जानेवारी 1934, रविवार. न्यूयॉर्कमधल्या एका घराच्या पायरीवर तुम्ही बसला आहात. थंडी हाडात शिरतेय. मंदीचे दिवस आहेत. गल्लीतली निम्मी माणसं काम शोधतायत. मांडीवर रविवारचं वर्तमानपत्र आहे आणि त्यातली रंगीत चित्रांची पुरवणी तुम्ही आधी उघडली आहे. पान ताजं आहे, शाईचा रंग बोटांना लागतोय.

एक अनोळखी ग्रह पृथ्वीच्या रोखानं सुटलाय. उल्का कोसळतायत. एका विमानात येल विद्यापीठाचा पदवीधर आणि नावाजलेला पोलोपटू फ्लॅश गॉर्डन बसलाय, शेजारी डेल आर्डेन नावाची अनोळखी मुलगी आहे. उल्केनं विमानाचा पंख तुटतो. तो तिला घेऊन पॅराशूटनं उडी मारतो. दोघं उतरतात ते डॉ. हान्स झारकोव्हच्या प्रयोगशाळेजवळ. हा शास्त्रज्ञ झोपेविना आणि भीतीनं अर्धा वेडा झालाय. तो त्यांच्यावर पिस्तूल रोखतो आणि आपल्या रॉकेटमध्ये चढायला लावतो. रॉकेट त्या ग्रहावर आदळून त्याची वाट बदलायची, असा त्याचा बेत आहे. एका पानात एवढं सगळं! मग ‘पुढच्या रविवारी’.

हे काढणारा अॅलेक्स रेमंड तेव्हा 24 वर्षांचा आहे. वॉल स्ट्रीटवर कारकुनी करत होता, 1929 ची पडझड झाली आणि तो दुसऱ्यांच्या चित्रमालिकांवर हात मारत कला शिकला. त्याला कामाला लावणाऱ्या किंग फीचर्स या संस्थेला प्रतिस्पर्ध्याच्या बक रॉजर्स या चित्रमालिकेशी टक्कर द्यायची होती. म्हणजे मूळ कारण निव्वळ धंद्याचं. मजकूर लिहायला डॉन मूर होता, पण त्याचं नाव पानावर नव्हतं.

अजून दोन-तीन रविवार इथंच थांबा. मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग फ्लॅशला रिंगणात उतरवतो. समोर लालभडक, सुळेवाले वानरमानव सोडतो. फ्लॅशच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर तो मरेल. तो लंगोट कसलेल्या गड्यासारखा त्या रिंगणात उभा राहतो आणि धरपकड सुरू होते. न्यूयॉर्कच्या त्या पायरीवर बसून तुम्हाला खासबाग मैदान आठवल्याशिवाय राहणार नाही. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या त्या आखाड्यात उतरत्या बैठकीवर बसून ज्यानं कुस्ती पाहिली, त्याला हे पान कुणी समजावून सांगायला नको. विश्वाच्या पार टोकाला जाऊनही शेवटी प्रश्न दमाचा आणि पकडीचा आहे. माझं ठाम मत आहे की कोल्हापूरच्या पोरांनी वेताळाऐवजी हा गडी आपला मानायला हवा होता.

मिंगकडं नीट बघा. पिवळी कांती, तिरके डोळे, ओघळत्या मिशा, नावही तसंच. त्या काळच्या अमेरिकेला आशियातल्या माणसाची जी भीती वाटे, तीच इथं सम्राटाचा झगा घालून बसलीय. रेमंडच्या रेषेवर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवणं बरोबर नाही. स्टँडवर अंक चाळणाऱ्या आशियातल्या पोरालाही नायक गोरा आणि दुष्ट माणूस आपल्या बाजूचा, हे न बोलता शिकवलं जात होतं.

त्याच वर्षी, 1934 मध्ये, कोल्हापुरात डोकावून या. संस्थानचं राज्य आहे. प्रभात कंपनी आदल्याच वर्षी पुण्याला गेलीय, पण गावातला सिनेमा थांबलेला नाही. कोल्हापूर सिनेटोनमध्ये भालजी पेंढारकर ‘आकाशवाणी’ काढतायत. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, त्याला दीड दशक उलटून गेलंय. त्यांनी रंगवलेले पडदे आणि जाहिराती या गावानं डोळे भरून पाहिल्या आहेत. देवादिकांचे देह मांसल कसे दिसावेत, वस्त्राची चुणी कुठं पडावी, अंधारातून खांदा कसा उजळावा, हे इथल्या नजरेला माहीत आहे. मोंगोवरचे राजवाडे, पंखवाले हॉकमेन, आर्बोरियाची जंगलं काढताना रेमंडचा कुंचला हीच कामं करतोय. तो जिवंत माणसं समोर बसवून चित्रं काढतो. पुढंपुढं तर त्याला बोलण्याचे फुगेही चित्रात नकोसे होतात. तो शब्द चौकटीच्या कडेला सारतो, म्हणजे चित्राला श्वास घ्यायला जागा मिळेल. हे पान कोल्हापूरच्या एखाद्या पेंटरच्या हाती तेव्हा लागलं असतं, तर त्यानं आधी हाताची ठेवण पाहिली असती आणि मग गोष्ट वाचली असती.

1938 मधून झटकन जाऊ. अमेरिकेत सुपरमॅन जन्मतो. त्याचा चित्रकार जो शुस्टर रेमंडच्या चित्रांचा भक्त होता. त्याच साली 19 जुलैला कोल्हापुरात भावी शास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मतात. 1944 मध्ये रेमंड मरीन दलात जातो आणि फ्लॅशचं पान सोडतो ते कायमचं. परतल्यावर तो रिप कर्बी उभा करतो. 6 सप्टेंबर 1956 ला मोटार अपघातात तो जातो, वय 46.

आता परत 1979 च्या स्टँडवर. अंक अजून तुमच्या हातात आहे. आता कळलं ना, बॅरीच्या रेषेखाली कोण झोपलंय? दोन वर्षांपूर्वी, 1977 मध्ये, जॉर्ज लुकासचा ‘स्टार वॉर्स’ जगभर गाजला. लुकासला खरं तर फ्लॅश गॉर्डनच करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यानं स्वतःचं विश्व रचलं. आणि पाच वर्षांपूर्वी, 1974 मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते खरे निघाले जयंत विष्णू नारळीकर; आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. म्हणजे ज्या वर्षांत तुम्ही या स्टॉलवर फ्लॅशला ‘नगं’ म्हणत होता, त्याच वर्षांत याच गावात जन्मलेला एक शास्त्रज्ञ मराठी वाक्याला अंतराळात राहायला शिकवत होता. त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. नारळीकरांच्या मराठीला बॅरीची किंवा रेमंडची रेघ मिळाली असती तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही चुटपुट लागते.

घरी जा. अंक वाचा. शाहू मिलचा भोंगा होईपर्यंत वाचा. नंतर तो रद्दीत जाईल आणि एखाद्या वाण्याच्या दुकानात शेंगदाण्याची पुडी होईल, बहुतेक अंकांचं तेच झालं. 1990 मध्ये इंद्रजालच बंद पडलं. मराठी बोलणारा फ्लॅश तिथं संपला.

तिकडं अमेरिकेत त्याचा शेवट वेगळ्या तऱ्हेनं होतोय, आणि इथं जरा रेंगाळायला हवं. दैनिक पट्टी नव्वदच्या दशकात आटली. रविवारचं पान 1996 पासून जिम कीफ काढत होता. मार्च 2003 मध्ये तेही थांबलं. वर्तमानपत्रांतून चित्रपट्ट्यांची जागा आक्रसत चालली होती, साहसकथांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यानंतरची वीस वर्षं फ्लॅश गॉर्डन मेला नाही, असं कागदोपत्री म्हणता येईल. कीफची जुनी पानं पुन्हा फिरत राहिली. नाव होतं, हक्क होते, 1980 च्या सिनेमातलं क्वीनचं गाणं लोक अजून गुणगुणत होते.

पण त्या वीस वर्षांतल्या कुठल्याही रविवारी पान उघडून बघा. विमान पडणार हे ठाऊक आहे. कोण कुणाला सोडवणार, ठाऊक आहे. पुनर्मुद्रणाला मी नावं ठेवत नाही. त्याच्याविना आपल्याला रेमंड दिसलाच नसता. पण चालू गोष्टीचा नायक आणि ग्रंथालयातला नायक यांत मोठा फरक आहे. चालू गोष्टीतला नायक संकटात असतो. पुढची चौकट अजून कुणीच पाहिलेली नसते, काढणाऱ्यानंसुद्धा नाही. 1934 मध्ये त्या पायरीवर तुमच्या पोटात जो गोळा आला होता, तो त्यामुळंच होता. कुणीतरी पाठ मोडून रोज बसल्याशिवाय तो येत नाही.

22 ऑक्टोबर 2023. आजही रविवार. आणि कोल्हापुरात आज अष्टमी आहे. रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघालीय. महाद्वार रोडवर रांगोळ्या, फुलं, पोलीस बँड, माणसांवर माणसं. तुम्ही आता पन्नाशी ओलांडली आहे. गर्दीत अडकून उभे आहात, हातात फोन. किंग फीचर्सनं आज फ्लॅश गॉर्डन पुन्हा सुरू केलाय. नवी पट्टी, रोज. लिहिणारा आणि काढणारा एकच माणूस आहे, डॅन श्केड. याआधी त्यानं विल आयस्नरच्या ‘स्पिरिट’ या जुन्या नायकावर काम केलेलं आहे, म्हणजे दुसऱ्याच्या घरात जबाबदारीनं राहण्याची त्याला सवय आहे.

त्यानं केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट बघा. उल्का, विमान, पिस्तूल रोखलेला झारकोव्ह, हे सगळं तो पहिल्यापासून सांगत बसलेला नाही. तो मिंगच्या पाडावापासून सुरुवात करतो. नव्वद वर्षं जो प्रश्न टांगून ठेवला होता तो आधीच निकालात, आणि मग जुलमी राजा गेल्यावर त्या ग्रहावरच्या इतक्या राज्यांचं काय करायचं, हा अवघड प्रश्न पुढं. रेमंडच्या नाजूक कुंचल्याची नक्कल करायचा मोह त्यानं टाळलाय. त्याची रेघ जाड आहे, काळा रंग भरघोस आहे, फोनच्या लहानशा पडद्यावरही माणूस ओळखू येतो. जुन्या वाचकाला धक्का बसेल, बसू दे. नक्कल केली असती तर ते आणखी एक पुनर्मुद्रणच झालं असतं.

शेजारी बापाच्या खांद्यावर एक पोरगं बसलंय. देवीचं वाहन अजून दूर आहे, त्याला कंटाळा आलाय, ते वाकून तुमच्या फोनमध्ये बघतंय.

“ओ काका, ह्यो कोण?”

“फ्लॅश गॉर्डन.”

“मार्व्हलचा हाय?”

“नाही रे. त्या सगळ्यांच्या आधीचा. ह्याला उडता येत नाही. दुसऱ्या ग्रहावर जाऊन कुस्ती खेळतोय.”

इंग्रजी फुगे तुम्ही त्याला मराठीत वाचून दाखवता. वाक्यं फुग्याबाहेर सांडतात, पण इथं कापायला कुणी बसलेलं नाही. पोरगं अंगठ्यानं पडदा वर सरकवतं. खाली काहीच येत नाही.

“आन् पुढं?”

“पुढचं उद्या येणार. त्यानं अजून काढायचंय.”

“उद्या कितीला?”