तळघरांतील देऊळ

परमुलखीं गेलेला मनुष्य आधीं भाकरी शोधतो, मग देऊळ. दक्षिण इटालींतून न्यूयॉर्क शहरीं गेलेल्या गरीब लोकांचा इतिहास हेंच सांगतो. कर्त्या पुरुषानें एकट्यानें जावें, मजुरी करावी, चार पैसे सांठले म्हणजे बायकामुलांस बोलावून घ्यावें, असा पुष्कळांचा क्रम असे.

पूर्व हार्लेम भागांत पोल्ला गांवच्या लोकांनीं १८८१ सालीं कार्मेल माउलीच्या नांवानें परस्परसाहाय्यक मंडळी स्थापून तिचा सण सुरू केला. १८८४ सालीं ११५ व्या रस्त्यावर देऊळ उठलें. त्यासाठीं इटालियन मजूर राबले. परंतु उपासनेस त्यांच्या वांट्याला तळघर आलें. १९०४ सालीं, पोप लिओ १३ वे यांच्या अनुज्ञेनें, माउलीच्या मूर्तीस मुकुट घालण्यांत आला, तरी तिचीं लेंकरें खालींच होतीं. १९१९ पर्यंत असेंच चाललें.

घरांतही ओढाताण होती. मुलें शाळेंत इंग्रजी शिकून आईबापांचीं दुभाषी झालीं. ज्यांनीं आज्ञा करावी, त्यांनाच मुलांच्या तोंडाकडे पाहावें लागे. १६ जुलैच्या सणास मात्र आजी, आई व नात एकाच मिरवणुकींत चालत.

प्रिय धर्मबंधूंनो, आमच्याही धर्मग्रामांत परगांवचीं बिऱ्हाडें येतात. त्यांची बोली निराळी, चालीरीती निराळ्या. ज्युबिलीच्या या वर्षीं देवळाची रंगरंगोटी आम्ही केलीच आहे. आतां त्या मंडळींस आम्ही कोणत्या बांकावर बसवितों, हेंही पाहूं या.