एका बोटाची वाणी

1935 साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसुरात राहत्या घरी नभोवाणी केंद्र काढले. ‘आकाशवाणी’ हे नाव तेथलेच. त्याच नगरीत 1965 साली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. ज्यांना मुखाने बोलणे शक्य नाही, त्यांना अन्य वाटा दाखविणे हेही तिचे एक कार्य. संगणक ही त्यांपैकी एक वाट होय.

परंतु हे यंत्र घडले ते दोन धडधाकट हात गृहीत धरून. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ळ’ उमटवायचा, तर शिफ्ट दाबून धरून ‘ल’ची कळ दाबावी लागते. एकाच बोटाने किंवा तोंडातील काडीने लिहिणाऱ्याला ‘बाळ’ हा साधा शब्दही दुर्लभ! अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रात यावरील सोय विकसित झाली : शिफ्ट दाबून सोडली, तरी पुढच्या अक्षरापर्यंत ती दाबलेलीच समजावी. 1995 च्या विंडोजमध्ये ही सोय अंगभूत आली. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की संगणक तिच्याविषयी विचारतो. पुष्कळांना ही विचारणा उपद्रव वाटते. परंतु 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुलभता हा हक्क मानला आहे. सामाईक संगणकावर ती विचारणा कायमची बंद करणारा पुढे येणाऱ्याची वाट अडवीत असतो, एवढे ध्यानी असावे.