दिशायुक्त संबंधजाल, सामाजिक

व्यक्तींमधील वा गटांमधील एकतर्फी संबंध बिंदू व बाण यांच्या साहाय्याने दर्शविणारी गणितीय रचना. मैत्री, आज्ञा, ऋण इ. संबंध परस्पर असतातच असे नाही. ‘अ’ ने ‘ब’ ची निवड केली, तरी ‘ब’ ‘अ’ ची निवड करीलच असे नसते. साध्या रेषेने हा भेद पुसला जातो. बाणाने तो टिकतो.

या विचाराचे एक मूळ प्राणिवर्तनाच्या अभ्यासात आढळते. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोणती कोंबडी कोणत्या कोंबडीला टोचते, याच्या निरीक्षणावरून कळपातील श्रेणीक्रम १९२१-२२ च्या सुमारास मांडला. मानवी समूहांबाबत हे कार्य जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांनी केले. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. कोणास कोणाचा सहवास हवा वा नको आहे, हे मुलींना विचारून मोरेनो व हेलन जेनिंग्ज यांनी आकृत्या काढल्या. पलायनाचे कारण केवळ मुलींच्या स्वभावात नसून जालातील त्यांच्या स्थानातही आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. जिच्याकडे एकही बाण येत नाही, अशी एकाकी मुलगी या आकृतीत प्रथमच स्पष्ट दिसू लागली.

फोर्सिथ व कॅट्झ यांनी १९४६ मध्ये आकृतीऐवजी आव्यूह वापरला. त्यात ओळ निवडणाऱ्याची व स्तंभ निवडल्या जाणाऱ्याचा असतो. कॅट्झ यांनी १९५३ मध्ये अप्रत्यक्ष निवडींनाही उतरते मूल्य देऊन प्रतिष्ठेचा निर्देशांक सुचविला. हॉलंड व लाइनहार्ट यांच्या १९८१ च्या संभाव्यता-प्रतिमानात निवड करण्याची प्रवृत्ती, निवडले जाण्याची प्रवृत्ती आणि परस्परता यांचा स्वतंत्र विचार झाला.

भारतीय समाजाच्या संदर्भात मॅकिम मॅरियट यांचे १९६८ मधील विवेचन महत्त्वाचे आहे. उत्तर प्रदेशातील एका खेड्यात कोणती जात कोणाकडून कच्चे वा पक्के अन्न स्वीकारते, याचा त्यांनी आव्यूह मांडला. देणारा श्रेष्ठ व घेणारा कनिष्ठ, या नियमाने जातींचा क्रम लागतो. येथे नसलेला बाणही अर्थपूर्ण ठरतो, कारण अन्न नाकारणे हेच श्रेष्ठत्वाचे चिन्ह असते. मात्र बाण संबंधाची केवळ दिशा दाखवितो. तो संबंध स्वेच्छेचा आहे की लादलेला, हे त्यावरून कळत नाही. तळाशी असलेल्या जातीला तो क्रम मान्य आहे की नाही, हे जाणण्यासाठी प्रत्यक्ष चौकशीच करावी लागते.