उसाच्या फडातले बाळंतघर

रत्नागिरी जिल्ह्यात 'बिबट्या विहिरीत पडला' ही बातमी आता नवलाची राहिलेली नाही. रात्री भक्ष्याच्या मागे धावताना तो बिनकठड्याच्या विहिरीत पडतो, वनखात्याची माणसे पिंजरा सोडून त्याला वर काढतात आणि जमलेल्या गर्दीतून एक आवाज हमखास येतो, "याला लांब जंगलात नेऊन सोडा!" इथल्या शाळांत बोलायला जातो तेव्हा मुलेही हेच विचारतात. बिबट्याचे घर जंगलात, मग तो गावात आलाच कशाला? प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधायला बरीच वर्षे लागली. ते उत्तर सापडले घाटावर, उसाच्या फडात.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी आले आणि ऊस वाढला. हे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहते. माणसाच्या डोक्यावर जाणारी दाट पाती, आत सावली, जवळ पाणी आणि वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. पिले घालण्यासाठी बिबट्याच्या मादीला आणखी काय हवे? ऊसतोड सुरू झाली की मजुरांना फडात पिले सापडू लागली. तरीही सर्वसाधारण समज असा होता की, हे जनावर जंगलातून वाट चुकून आले आहे आणि त्याला परत पाठवणे हाच उपाय आहे.

या समजापोटी २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभराच्या आसपास बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले. त्यांतील बरेच दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासल्या. त्या आधी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले! उपायानेच दुखणे वाढवले होते. असे का झाले असावे? पकडल्याचा ताण, अनोळखी मुलूख, ताटातूट आणि तिथे आधीच राहणारे दुसरे बिबटे, अशी कारणे पुढे आली.

परंतु बिबटे खरोखर शेतातच राहतात, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसर निवडला गेला. वाटांवर स्वयंचलित कॅमेरे बसवले. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची वेगळी असते. त्यामुळे छायाचित्रांवरून प्राणी मोजता येतात. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि तेही दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे असलेल्या शेतीच्या मुलखात.

पुढची पायरी रेडिओ गळपट्ट्याची. या कामात जॉन ओडन आणि जॉन लिनेल यांची साथ मिळाली. हे दोघे नॉर्वेत लिंक्सचा अभ्यास करणारे. लिंक्स म्हणजे आखूड शेपटीचे, कानांच्या टोकांना केसांचे झुपके असलेले मोठे रानमांजर. लिंक्सची मादी कुठे व्याली हे जंगलात शोधणे महाकठीण. पण तिच्या गळ्यात पट्टा असेल, तर ती पुन्हा पुन्हा एकाच जागी परतते हे नकाशावर दिसते. तीच तिची वीण्याची जागा.

भारतात पाच बिबट्यांना असे पट्टे बांधले, चार महाराष्ट्रात आणि एक हिमाचल प्रदेशात. २०१४ साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. ५२ किलोमीटर दूर नेऊन सोडलेला नर ३७ दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटर गेला. पकडलेल्या जागेजवळच सोडलेल्या दोन माद्या मात्र अवघ्या ११ आणि १५ चौरस किलोमीटरच्या टापूत राहिल्या. दाट वस्तीच्या भागातले बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळून फिरत, दिवसा मात्र क्वचितच घराजवळ दिसत. म्हणजे ते वाट चुकलेले पाहुणे नव्हते. ते तिथलेच रहिवासी होते.

आता पिलांकडे वळू. बिबट्याची मादी साधारण तीन ते साडेतीन महिने गाभण राहते आणि बहुधा दोन-तीन पिले देते. ती जन्मतः आंधळी असतात. शिकारीसाठी आई त्यांना तासन्तास एकटी सोडते आणि धोका वाटला तर तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणून फडात एकटे पिलू दिसले, याचा अर्थ ते पोरके आहे असा होत नाही. पूर्वी अशी पिले उचलून नेली जात आणि त्यांचे उरलेले आयुष्य पिंजऱ्यात जाई. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रातील पशुवैद्य आणि वनखाते आता वेगळे करतात. पिलू तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, माणसे दूर होतात, कॅमेरा चालू राहतो. पुष्कळदा रात्रीच आई येते आणि पिलू उचलून नेते.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मुळीच नाही. जुन्नर परिसरात त्यानंतरही माणसे दगावली आहेत. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला सहजीवनाचे धडे देणे निर्दयपणाचे ठरेल. रात्री अंगणात दिवा, गुरांना बंदिस्त गोठा, मुलांना एकटे न सोडणे, विहिरींना कठडे ही कामे करावीच लागतील. पण 'लांब नेऊन सोडा' हे उत्तर आपण तपासून पाहिले आहे आणि ते चुकले आहे. वर्गात हा विषय निघाला, तर उत्तर सांगण्याआधी मुलांना ४ आणि १७ हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवा. कारणे त्यांनाच शोधू द्या.